अर्ध्या सोंगाला आत घेत नाहीत

२५ सप्टेंबर

ऑर्विल,

तुझं पत्र मिळालं. तिकडे फ्लोरिडात तुझ्या बहिणीच्या, ल्युसिलच्या अंगणात संत्री लागतात आणि तू सकाळी उघड्या अंगानं बसून ती खातोस, हे वाचून मी काय करावं अशी तुझी अपेक्षा होती? टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजवल्या समज. इकडे परवा दव गोठलं आणि टोमॅटो काळे पडले. कच्चे होते तेवढे तोडून लोणचं घातलं. तुला आवडतं म्हणून नव्हे, टोमॅटो होते म्हणून.

फोन करत जाऊ नकोस. फोनवर तू बहिऱ्यासारखा ओरडतोस, मग मी ओरडते, आणि तुझी बहीण मागून ‘भांडू नका, भांडू नका’ करत बसते. पत्र बरं. पत्रात कुणाला मधे तोंड घालता येत नाही.

जानेवारीत गेलास तेव्हा म्हणाला होतास, गुडघ्याला ऊब मिळू दे, थंडी संपली की आलो. थंडी संपली. उन्हाळाही संपला. आता दुसरी थंडी दाराशी येऊन पाय पुसते आहे, आणि तू लिहितोस, ‘ऑल्गा, एकदा नुसतं ये म्हण, मी मिळेल त्या बसनं येतो. पण म्हणायला हवंस. माझी कुणाला गरज आहे की नाही हे या वयात तरी कळू दे.’

म्हाताऱ्या, मी तुला जा म्हटलं होतं का? नाही ना? मग ये का म्हणू? ज्या पायांनी गेलास त्याच पायांनी ये. दाराला मी खिळे मारलेले नाहीत.

मागच्या अंगणातला कोंबड्यांकडचा खांब पडला. बुडाशी कुजलेलाच होता. कपड्यांची दोरी आता नासपतीच्या झाडाला बांधली आहे. दोरी झोळ खाते, चादरी चिखलात लोळतात आणि वरून पाखरं आपला कारभार उरकतात. तुला कर म्हणून सांगत नाही. नुसतं लिहिते आहे.

तुझी नात रॉनी आली होती. लग्नानंतरचं पहिलं हॅलोविन, तेव्हा तिला आणि तिच्या त्या ग्लेनला आगीच्या बंबघरात, सोंगांच्या रात्रीला, जोडसोंग घेऊन जायचंय. ‘आजी, तूच काहीतरी सुचव. ग्लेन म्हणतो, तो राजा आणि मी राणी.’

मी म्हटलं, ‘त्याला सांग, ते जोडसोंग नव्हे. राजा एकटा उभा राहिला तरी राजाच दिसतो. जोडसोंगातला एक एकटा दिसला तर लोकांनी डोकं खाजवलं पाहिजे, हे आहे तरी काय म्हणून. आणि दुसरा शेजारी आला की लख्ख कळलं पाहिजे. आणि विकतचं काही चालत नाही, टाचणीसुद्धा घरातली.’

‘म्हणजे तू आणि आजोबा, गळकं छत आणि बादली?’ तिला आठवतं बघ. ज्या साली आपलं छत खरंच गळत होतं, त्या सालचं. तू डोक्यावर पत्र्याची बादली घालून रात्रभर माझ्या खाली वाकून चालत होतास, आणि दुसऱ्या दिवशी तुझी मान वळेना. ते सोंग चांगलं झालं होतं. छत मात्र तू जूनपर्यंत दुरुस्त केलं नाहीस.

ऑल्गा

८ ऑक्टोबर

ऑर्विल,

मी तीन पानं लिहिली आणि तुझं उत्तर काय, तर दोन ओळी. ‘कुठला खांब म्हणालीस, कोंबड्यांकडचा की घराकडचा? किती उंच होता?’ तुला काय करायचंय? तू ताडाच्या झाडांखाली बस आणि त्यांची उंची मोज. कोंबड्यांकडचा, लिहिलं होतं मी. उंची तुझ्या टोपीएवढी. रोवलास तेव्हा तूच पाठ लावून मोजला होतास.

रॉनीचं सोंग मार्गी लागलं. मोजा आणि रफूची सुई. ग्लेन मोजा, पोटावर हे एवढं भोक. रॉनी सुई. तिच्या डोक्यावरच्या नेढ्यातून लोकरीचा जाड दोरा ओवायचा, तो ग्लेनच्या भोकाच्या एका काठातून दुसऱ्या काठात. ग्लेन एकटा उभा राहिला तर करडा सुरवंट. रॉनी एकटी असली तर चंदेरी बांबू. दोघं शेजारी आले की आपोआप हसू येतं. सुईसाठी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, मैद्याची खळ आणि चॉकलेटचे चांदीचे कागद. मोज्यासाठी तुझी जुनी करडी घोंगडी कापली. ती तुझी होती. तू नव्हतास.

भोक कापत होते तेव्हा ग्लेनचं तोंड पडलं. ‘भोक पडलेला मोजा? आजी, माझी लायकी एवढीच का?’

‘बाळा,’ म्हटलं, ‘नवरा म्हणजे भोक पडलेला मोजाच. घालवत नाही आणि फेकवत नाही.’

‘आणि बायको?’

‘बायको टोचते. गप्प उभा राहा, नाहीतर कात्री लागेल.’

पोरगा बरा आहे. हसला.

अ‍ॅग्नेस स्वतःच्याच ओसरीवरून पडली आणि कमरेचं हाड मोडून घेतलं. त्यामुळे यंदा बंबघराच्या दारात ओळखणारी बाई म्हणून मला उभी करतायत. म्हणजे मला सोंग नाही. दारातल्या बाईनं उघड्या तोंडानं उभं राहायचं, येईल त्याला ओळखायचं, ओळखला की त्यानं मुखवटा काढायचा. तोवर त्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि एकट्याला आत सोडायचं नाही. हा नियम तुमच्याच ऐन उमेदीत झाला, खाणीपलीकडची पोरं एकेकटी घुसून बिअरचं पिंप रिकामं करून जायची तेव्हा. त्यातलं अर्धं पिंप तुझ्याच पोटात जायचं हे मी कमिटीला कधी सांगितलं नाही.

खाली तू बारीक अक्षरात लिहिलंयस, ‘यंदा मी आलोच तर तू मला ओळखणार नाहीस.’ अरे जा! चेहरा झाकता येतो, चाल कशी झाकशील? मी या गावात कुणालाही पोत्यात घातलं तरी ओळखते, आणि तू तर चालतोस तेव्हा तुझा डावा पाय धुळीत रेघ ओढत जातो. आंधळीसुद्धा त्या रेघेवरून तुझ्यापर्यंत पोचेल.

ऑल्गा

२६ ऑक्टोबर

ऑर्विल,

तुझं पत्र नाही. ड्वाइट पोस्टमन रोज फाटकाबाहेरूनच मान हलवतो, पिशवीत हातही न घालता. त्याला सगळं आधीच पाठ असतं. काल मला म्हणतो, ‘ऑल्गा, फ्लोरिडाची डाक वादळानं अडलीय वाटतं.’ मी म्हटलं, ‘तुला विचारलं का?’ मेला कार्ड तर घरी नेऊन बायकोला वाचून दाखवतो. मार्थाच्या बहिणीचं ऑपरेशन सगळ्या गावाला मार्थाच्या आधी कळलं होतं. म्हणून मी जन्मात कधी कार्ड लिहिलं नाही. जे लिहायचं ते पाकिटात, आणि पाकिटाला खळ.

हात रिकामे राहत नाहीत म्हणून मीही एक जोडसोंग करून ठेवलं. कोळशाची चूल आणि धुराडं. चूल बसकी, माझ्या अंगाची, पोटाला उघडणारं दार, आत लाल जिलेटीनचा जाळ. धुराडं पुठ्ठ्याचं, वर वाकडं टोपण. चूल एकटी म्हणजे पेटी वाटते आणि धुराडं एकटं म्हणजे काहीच नाही. धुराडं तुझ्या उंचीचं झालं. पुठ्ठा तेवढाच होता.

दारात उभं राहायचं म्हणून मला चूल घालता येणार नाही, हे सोंग अर्धं झाल्यावर लक्षात आलं. आता ते धुराडं जिन्याखाली उभं आहे. जागा अडवतंय. सकाळी अंधारात जाताना माणूस उभा असल्यासारखं वाटतं, मग मी त्याला शिवी देते आणि कोळसे आणायला जाते.

रविवारी कोबी-शेवया केल्या. हाताला दोघांचं माप बसलंय, ते सुटत नाही. कुत्रा लठ्ठ झालाय.

बंबघर संध्याकाळी सहाला उघडतं. मी सकाळपासूनच तिथं असेन, डोनट तळायला. हे आपलं माहितीसाठी.

ऑल्गा

१ नोव्हेंबर

ऑर्विल,

तू लिही न लिही, कालचं सांगितल्यावाचून मला राहवणार नाही. ऐक.

सुई आणि मोजा पहिले आले! अ‍ॅग्नेसला खुर्चीसकट उचलून आणली होती, ती हसता हसता कण्हत होती. ‘ऑल्गा, हसवू नकोस गं मला, हाड सुटेल!’ रॉनी आणि ग्लेनला मी ओळखलं असं म्हणायला लाज वाटते, मीच शिवलेले ते. म्हणून ग्लेनच्या पोटात बोट खुपसून विचारलं, ‘कोण आहेस रे तू, सुरवंटा?’ आणि तो गुदगुल्यांनी ओरडला, तेव्हा ओळखलेला धरला.

ड्वाइट आणि बायको म्हणजे दार आणि पायपुसणं. दार कोण आणि पायपुसणं कोण हे तुला सांगायला नको. मी म्हटलं, ‘ड्वाइट, काढ तोंडावरचं. पिशवी घरी ठेवलीस तरी उजवा खांदा खालीच आहे.’

‘थू तुझी!’ म्हणाला. ‘म्हातारे, जन्मात एकदा तरी चूक ना!’

पावाचा तुकडा आणि सुरी, सायकल आणि तिचा पंप, शेजारच्या दोघी विधवा बहिणी म्हणजे कढई आणि झाकण. सगळ्यांना ओळखलं. एक जोडी सुटली नाही. अर्थात माझं अर्धं लक्ष प्रत्येकाच्या डाव्या पायाकडे होतं, ते का ते विचारू नकोस. सवय.

मग एक येडा आला. एकटाच. अंगभर तपकिरी पुठ्ठ्याचं नळकांडं, त्यावर लाकडाच्या रेघा काढलेल्या, गाठीसुद्धा. डोळ्यांना दोन भोकं. आणि खांद्याजवळ बाहेर आलेला एक लोखंडी आकडा. बाकी काही नाही. मी म्हटलं, ‘हे काय, कोट टांगायची खुंटी?’ त्यानं मान हलवली, नाही. ‘फाशीचा खांब?’ लोक हसले. नाही. मी पायांकडे पाहिलं. दोन्ही पायांवर सरळ, शिपायासारखा उभा. आपल्यातला नव्हेच. खाणीपलीकडचा कुणीतरी, फुकट प्यायला आलेला.

‘तुझा दुसरा अर्धा कुठाय?’

त्यानं काय करावं? वाकला आणि तो आकडा माझ्या नाकासमोर आणला. तसाच धरून उभा. माझ्या हातात डोनटचं तेल पुसायचं ओलं फडकं होतं, नुकतंच पिळलेलं. मी ते त्याच्या तोंडावर झटकलं. म्हटलं, ‘अर्ध्या सोंगाला आम्ही आत घेत नाही. जिनं टाकलंय तुला, तिच्याकडे जा.’ केवढे हसले सगळे! ड्वाइटच्या डोळ्यांतून पाणी. तो मात्र उभाच. आकडा तसाच पुढे. मागे रांग खोळंबली होती, मी पुन्हा म्हटलं, ‘जा म्हटलं ना! जा घरी!’

तेव्हा गेला. पायऱ्या खटाखट उतरला, कठड्याला हातही न लावता. म्हणून म्हणते, पोरगेलाच असणार.

थांब, धुण्याचं मशीन थांबलं. चादरी टाकून येते आणि मग बक्षीस कुणाला मिळालं ते सांगते.

परत आले. हात ओले आहेत, कागद खराब होईल.

चादर घेऊन नासपतीकडे गेले तर दोरी तिथं नव्हती. मला वाटलं, तुटली. मग पाहिलं, दोरी ताठ, सरळ, कोंबड्यांकडे गेलेली. तिथं नवा खांब उभा आहे. साल काढलेला. बुडाशी सिमेंट, ते बोटानं दाबून पाहिलं, वरून घट्ट आणि गार. कोठारात उरलेलं अर्धं पोतं संपलंय. काल सकाळी मी अंधारातच बंबघरात गेले ती रात्री उशिरा आले, मागच्या अंगणात गेलेच नाही.

वर आकडा आहे. तू प्रत्येक आकड्याला तापवून एक पीळ देतोस, उगाच, दिसायला बरा म्हणून. काल माझ्या नाकासमोर होता त्याला तसाच पीळ होता. मी पीळ पाहिला, ऑर्विल. पाहिला आणि तेलाच्या फडक्यानं झटकला.

कोंबड्यांच्या जाळीला टेकून ते पुठ्ठ्याचं नळकांडं ठेवलंयस. म्हणजे तिथून इथं आला होतास, मी अजून तिकडे डोनट वाटत होते तेव्हा.

तू खांब होतास. मी ज्याच्या नावानं ओरडत होते तो. तुझा दुसरा अर्धा म्हणजे हातात ओलं कापड घेतलेली बाई. ती समोरच उभी होती, तिनं ते फडकं फक्त टांगायचं होतं. किती चांगलं सोंग. इतकी वर्षं आपण केलेल्यांत हे सगळ्यात चांगलं, आणि ते तू एकट्यानं केलंस.

पण तू लंगडत का नव्हतास?

चादर टाकली. जमिनीला टेकत नाही. आता आणखी काय लिहू. बक्षीस कढई आणि झाकणाला मिळालं.

ऑल्गा

१४ नोव्हेंबर

ऑर्विल,

माझं पत्र परत आलं. न फोडलेलं. पाकिटावर तुझ्या हातानं लिहिलंय, ‘परत पाठवा.’ ड्वाइटनं ते पहिल्यांदाच फाटकाच्या आत येऊन माझ्या हातात दिलं. त्याचं आत येणं मला जास्त लागलं.

हेही तू फोडणार नाहीस हे माहीत आहे. तरी लिहिते, कारण डोक्यात ठेवलं तर सडेल.

मी ल्युसिलला फोन केला. मी, फोन! तिनं उचलला आणि माझा आवाज ऐकताच म्हणाली, ‘तो बाहेर आहे आणि त्याला तुझ्याशी बोलायचं नाही. आणि ऑल्गा, मला वाटलं नव्हतं तू इतकी कठीण असशील.’

‘त्याचा पाय,’ मी म्हटलं. ‘पायाचं काय झालं?’

‘म्हणजे तुला खरंच माहीत नाही? जुलैमध्ये गुडघा बदलला त्यानं. मला शपथ घातली होती, तिला कळवायचं नाही. रोज संध्याकाळी गल्लीत फेऱ्या मारायचा, घामानं निथळायचा. म्हणायचा, तिच्या दारात सरळ चालत जायचंय. ती तोंडानं ये म्हणणार नाही, पण खांब पाहिला की हसेल, फडकं टांगेल, तेच ये समजेन.’

‘ल्युसिल, मी ओळखलं नाही त्याला.’

‘असं तो मानत नाही. तो म्हणतो, ऑल्गा पोत्यातला माणूस ओळखते, हे तिनं पत्रातच लिहिलंय. तो म्हणतो, ती माझ्या डोळ्यांत बघून जा म्हणाली. दोनदा. सगळ्या गावासमोर.’

जन्मभर मी एकाच गोष्टीची फुशारकी मारली. आता तीच फुशारकी माझ्याविरुद्ध साक्ष देते आहे आणि खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. मी चुकले असं म्हटलं तर हा गाव पोट धरून हसेल. आणि ज्याला ते पटायला हवं त्याला पटणार नाही.

मी रेघ शोधत होते. रांगेतल्या प्रत्येकाच्या मागे फरशीवर बघत होते, डाव्या पायाची रेघ कुठं दिसते का. तुलाच शोधत होते आणि म्हणून तू दिसला नाहीस. हे मला आणखी बरं लिहिता येत नाही. शाळा सहावीत सुटली.

पहिल्या पत्रात तुला ऐटीत विचारलं होतं, मी जा म्हटलं होतं का, मग ये का म्हणू? आता तो हिशेब फिरला. जा म्हणून झालंय. गावासमोर म्हणून झालंय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो तुझ्या आकड्यांत जेवढा आहे तेवढाच माझ्या मानेत आहे, पण म्हातारपणी मान वाकली नाही तर मोडते. अ‍ॅग्नेसचं हाड बघितलं मी.

धुराडं अजून जिन्याखाली आहे. मी त्याला आता शिवी देत नाही.

हे पत्र मी टाकत नाही. तू पाकीट फोडणार नाहीस. आज पोस्टात गेले आणि एक कार्ड घेतलं. खिडकीतली पोरगी म्हणाली, ‘आजी, पाकीट नको?’ म्हटलं, ‘नको. कार्डाला फोडावं लागत नाही.’

ऑल्गा

(पोस्टकार्ड)

१४ नोव्हेंबर

ऑर्विल,

मी तुला ओळखलं नाही. मी चुकले.

ये.

ऑल्गा

ड्वाइट, वाचून झालं असेल तर पोचव. बायकोला खुशाल सांग, पण आधी पोचव.